रुपयाचा तांदूळ बत्तीस रुपयांना: नगडीतील डीबीटी प्रयोगाचा अभ्यास

ऑक्टोबर २०१७ मध्ये झारखंड सरकारने रांची जिल्ह्यातील नगडी प्रखंडात (प्रखंड म्हणजे साधारण आपल्याकडचा तालुका) रेशनच्या तांदळाची पद्धत बदलली. तोवर रेशन दुकानात १ रुपया किलोने मिळणारा तांदूळ आता त्याच दुकानात, त्याच दुकानदाराकडून, सुमारे ३२ रुपये किलोने विकत घ्यायचा होता. मधला फरक, म्हणजे किलोमागे साधारण ३१ रुपये, सरकार दर महिन्याला थेट बँक खात्यात जमा करणार होते. यालाच थेट लाभ हस्तांतरण, म्हणजे डीबीटी म्हणतात. प्रयोग यशस्वी झाला की तो राज्यभर न्यायचा विचार होता. ऑगस्ट २०१८ मध्ये सरकारनेच तो मागे घेतला आणि नगडीत पुन्हा रुपया किलोचा तांदूळ सुरू झाला.

हे प्रकरण निवडण्याचे कारण असे की त्याला स्पष्ट सुरुवात आणि स्पष्ट शेवट आहे. भूगोल लहान आहे, मुदत वर्षाच्या आतली आहे, आणि ज्यांच्यासाठी हे सगळे चालले होते त्या माणसांचे म्हणणे प्रयोग चालू असतानाच नोंदवले गेले. सरकारी सेवांच्या डिजिटल बदलांबद्दल आपण बहुधा दोनच टोकांनी बोलतो. एकीकडे कोट्यवधी बनावट लाभार्थी गळाल्याचे आकडे, दुसरीकडे अंगठा न जुळल्याने उपाशी राहिलेल्या माणसाची बातमी. नगडीत या दोन्हींच्या मधला सगळा भाग नीट दिसतो: एक बऱ्यापैकी विचार केलेली कल्पना, खरोखर पाठवलेले पैसे, आणि तरीही घरात वेळेवर न आलेला तांदूळ.

आधीची परिस्थिती

राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ चा. झारखंडमध्ये त्याची अंमलबजावणी २०१५ मध्ये सुरू झाली. कायद्याप्रमाणे प्राधान्य गटातील कुटुंबाला माणशी ५ किलो आणि अंत्योदय, म्हणजे सर्वात गरीब, कुटुंबाला महिन्याला ३५ किलो धान्य मिळते. तांदळाचा दर कायद्याने ३ रुपये ठरवला होता, झारखंड सरकार स्वतःची भर घालून तो १ रुपयाने देत होते. ज्या घरात महिन्याचे रोख उत्पन्न अनिश्चित असते, तिथे या तांदळाचे मोल बाजारभावाने मोजून कळत नाही. इतर काहीही बिघडले तरी महिन्याचा भात ठरलेला आहे, ही खात्री त्यात असते.

व्यवस्था मात्र भोकांची होती, यात शंका नाही. गोदामातून दुकानापर्यंत येताना धान्य गळायचे आणि दुकानातही गळायचे. कार्डामागे किलो-दोन किलो कापून द्यायचे, आणि विचारले तर वाहतूक, तूट, वरच्यांचा हिस्सा अशी कारणे सांगायची, हा झारखंडमधल्या दुकानदारांचा जुनाच शिरस्ता. जानेवारी २०१५ मध्ये केंद्र सरकारने नेमलेल्या शांताकुमार समितीने २०११-१२ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीच्या आधारे देशभरातील गळती ४६.७ टक्के असल्याचे म्हटले आणि हळूहळू रोख हस्तांतरणाकडे वळण्याची शिफारस केली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरपासून चंडीगड आणि पुदुच्चेरी या केंद्रशासित प्रदेशांत धान्याऐवजी रोख रक्कम देणे सुरू झाले.

झारखंडनेही तोवर बरेच डिजिटल बदल केले होते. रेशन दुकानांत ई-पॉस मशीन आले होते आणि धान्य घ्यायचे तर अंगठा लावून आधारशी ओळख जुळवावी लागत होती. मार्च २०१७ मध्ये राज्याच्या मुख्य सचिवांनी आधारशी न जोडलेली रेशन कार्डे रद्द समजण्याचे फर्मान काढले. पुढे लाखो बनावट कार्डे हटवल्याचा दावा सरकारने आपल्या यशाच्या यादीत मांडला. नंतर संशोधकांनी दहा जिल्ह्यांत रद्द झालेल्या कार्डांचा शोध घेतला, तेव्हा त्यातली दहातली जवळपास नऊ कार्डे प्रत्यक्षात अस्तित्वात असलेल्या कुटुंबांची निघाली. सप्टेंबर २०१७ मध्ये सिमडेगा जिल्ह्यात एका लहान मुलीचा मृत्यू झाला. घरात अन्नाचा कण नव्हता असे तिच्या आईने सांगितले, प्रशासनाने मलेरियाचे कारण दिले. त्या कुटुंबाचे कार्ड आधार न जोडल्यामुळे रद्द झाले होते. ऑक्टोबरच्या अखेरीस केंद्राच्या अन्न विभागाला सर्व राज्यांना कळवावे लागले की केवळ आधार नाही म्हणून कुणाचे कार्ड रद्द करू नये. नगडीचा प्रयोग सुरू झाला तो नेमका याच महिन्यात.

कल्पना कुठून आली

नगडीच्या प्रयोगामागचा युक्तिवाद समजून घ्यायला हवा, कारण तो पोकळ नव्हता. एकाच वस्तूचे दोन भाव असले की चोरी होते. दुकानदाराला तांदूळ रुपयाने विकायचा असतो आणि बाहेर तोच वीस-पंचवीस रुपयांनी जातो, तेव्हा तो बाहेर विकण्याचा मोह व्यवस्थेनेच तयार केलेला असतो. दुकानातला भाव खऱ्या खर्चाइतका केला आणि सवलत माणसाच्या हाती दिली, तर चोरून विकण्यात फायदाच उरत नाही. स्वयंपाकाच्या गॅसबाबत हेच केले गेले होते. ‘पहल’ योजनेखाली १ जानेवारी २०१५ पासून देशभर ग्राहकाने सिलिंडर पूर्ण किमतीला घ्यायचा आणि अनुदान खात्यात जमा व्हायचे, अशी पद्धत आली होती आणि ती बऱ्याच अंशी रुळली होती. मग तांदळाला तेच का लावू नये?

मला वाटते, या प्रकरणातली पहिली आणि सर्वात महागात पडलेली चूक या प्रश्नाच्या उत्तरात आहे. गॅस आणि रेशन यांची बेरीज-वजाबाकी सारखी दिसते, पण प्रमाण वेगळे आहे. ‘पहल’ आली तेव्हा सिलिंडरच्या किमतीतला मोठा वाटा ग्राहक स्वतः भरत होता, अनुदान हा उरलेला भाग होता. ते पंधरा दिवस उशिरा आले तरी चूल पेटत राहायची. नगडीच्या तांदळात ३२ पैकी ३१ रुपये अनुदानाचे होते. इथे अनुदान म्हणजेच वस्तू. ते न येणे म्हणजे तांदूळ न येणे. शिवाय सिलिंडर पूर्ण किमतीला घेऊ शकणाऱ्या घरात थोडीबहुत रोकड फिरत असते. रुपया किलोच्या तांदळावर महिना काढणाऱ्या घरात ती नसते, म्हणूनच तर ते घर यादीत आहे.

हिशेब घालून बघू. पाच माणसांचे कुटुंब, महिन्याला २५ किलो तांदूळ. जुन्या पद्धतीत २५ रुपये घेऊन दुकानात जायचे. नव्या पद्धतीत सुमारे ८०० रुपये घेऊन जायचे, त्यातले पावणेआठशे बँकेतून आणायचे. अंत्योदय कुटुंबाला ३५ किलोसाठी अकराशेच्या वर लागणार. अंत्योदय यादीत कोण असते? निराधार विधवा, एकटे वृद्ध, अपंग, भूमिहीन, आदिम जमातींतील कुटुंबे. सर्वात मोठी रक्कम आधी उभी करण्याची आणि सर्वाधिक फेऱ्या मारण्याची वेळ नेमकी त्यांच्यावर आली.

महिना कसा जायचा

कागदावर साखळी अशी होती: तिजोरीतून खात्यात, खात्यातून हातात, हातातून दुकानात. तीन टप्पे. प्रत्यक्षात त्याचे कितीतरी जास्त झाले.

पहिला प्रश्न पैसे आले की नाही हा. बहुतेकांना संदेश मिळत नव्हता. मोबाइल नंबर खात्याशी जोडलेला नसायचा, जोडलेला असला तरी तो मुलाचा, आणि मुलगा कामासाठी परराज्यात. म्हणजे बँकेत जाऊन पासबुक भरून घेणे आले. पैसे आले नसतील तर परत. पुन्हा काही दिवसांनी तीच फेरी.

पैसे आले असतील तर ते काढायचे. ग्रामीण भागातल्या बँक शाखांवर आधीच मनरेगाची मजुरी, पेन्शन, शिष्यवृत्ती यांचा भार. पाचशे-सातशे रुपये काढायला आलेल्यांना अनेक ठिकाणी सांगण्यात आले, प्रज्ञा केंद्रात जा. प्रज्ञा केंद्र म्हणजे आपल्याकडे आपले सरकार सेवा केंद्र असते तसे. तिथे पुन्हा अंगठा, पुन्हा नेटवर्क, आणि केंद्रचालकाकडे त्या दिवशी तेवढी रोकड आहे का हा वेगळाच प्रश्न. त्यानंतर रेशन दुकान. ते महिन्यातले ठरावीक दिवसच उघडे. तिथे ई-पॉस मशीनवर आणखी एकदा अंगठा. बायोमेट्रिक ओळखीची अट काढून टाकलेली नव्हती, ती नव्या साखळीला जोडली गेली. आधी एकदा जुळवावा लागणारा अंगठा आता दोन ठिकाणी जुळवावा लागत होता.

फेब्रुवारी २०१८ मध्ये अन्न अधिकार अभियानाशी जोडलेल्या स्वयंसेवकांनी नगडीतील १३ गावांत २४४ कुटुंबांची पाहणी केली. रांचीत राहून अन्न सुरक्षेवर वर्षानुवर्षे काम करणारे अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ या कामात होते. तोवर प्रत्येक कुटुंबाला चार हप्ते मिळायला हवे होते, सरासरीने दोनच मिळाले होते. पैसे काढून तांदूळ घरी आणण्यात महिन्याला सरासरी १२ तास जात होते. आणि ९७ टक्के कुटुंबांना जुनी पद्धत परत हवी होती.

हे १२ तास मला ९७ टक्क्यांपेक्षाही महत्त्वाचे वाटतात. मत विचारले तर माणसे नव्या गोष्टीला नको म्हणतात, असा आक्षेप घेता येतो. बारा तासांना तसा आक्षेप नाही. रोजंदारीवर जाणाऱ्या माणसाचे ते किमान दीड दिवसाचे काम. बँकेची आणि दुकानाची वेळ हीच मजुरीची वेळ असल्याने प्रत्यक्षात दोन-तीन दिवस मोडायचे. या बुडालेल्या मजुरीची नोंद कुठल्याही सरकारी हिशेबात होत नाही. प्रशासनाच्या बाजूने पाहिले तर वितरणाचा खर्च कमी झाला आणि पारदर्शकता वाढली. खर्च खरे तर उतरलाच नव्हता. तो खातेवहीतून उचलून बाईच्या डोक्यावर ठेवला होता, आणि तिथे तो मोजायला कुणी नव्हते.

जमा झाले म्हणजे मिळाले?

निम्मे हप्ते मिळाले नाहीत म्हणजे सरकारने पाठवले नाहीत, असा सरळ अर्थ काढता येत नाही. बरेच पैसे कुठेतरी जमा झालेले असत, फक्त ते कुठे हे कुटुंबाला ठाऊक नसे. ऑगस्ट २०१४ मध्ये जन-धन योजना आली आणि एकेका घरात तीन-चार खाती झाली. एक जन-धनचे, एक मनरेगाच्या मजुरीचे, एक बचत गटामुळे उघडलेले, एक सासूच्या पेन्शनचे. आधार क्रमांकाच्या आधारे होणाऱ्या भरण्याचा नियम असा की ज्या बँकेत तो क्रमांक सर्वात शेवटी जोडला गेला, तिथे पैसे जातात. माणसाने कोणते खाते अर्जावर लिहिले याला तिथे अर्थ उरत नाही. कुणीतरी शिबिरात येऊन केवायसीसाठी अंगठा घेऊन गेला असेल तर पुढचे सगळे भरणे त्या खात्यात वळू शकते.

ही कल्पनेतली अडचण नाही. त्याच हिवाळ्यात, डिसेंबर २०१७ मध्ये, उघडकीस आले की एका मोबाइल कंपनीने सिम कार्डाच्या पडताळणीच्या वेळी लाखो ग्राहकांची पेमेंट बँकेतली खाती त्यांना नीट कळू न देता उघडली होती, आणि त्यांचे गॅस अनुदान तिकडे वळले होते. ती रक्कम सुमारे १९० कोटी रुपये होती आणि ती परत करावी लागली. शहरातल्या, स्मार्टफोन वापरणाऱ्या ग्राहकांनाही आपले अनुदान कुठे गेले हे महिनोन्महिने कळले नव्हते. नगडीतल्या आजीला ते कळावे अशी अपेक्षा ठेवण्याला काय आधार होता?

साखळीतल्या कड्यांचे गणितही इथे मांडण्यासारखे आहे. समजा पाच टप्पे आहेत आणि प्रत्येक टप्पा शंभरातल्या ९५ जणांसाठी नीट चालतो. प्रत्येक विभाग स्वतःकडे पाहील तर त्याला ९५ टक्के यश दिसेल, आणि ते खोटेही नसेल. पण पाचही टप्पे पार करणारे शंभरात साधारण ७७ उरतात. तेवीस माणसे कुणाच्याच अहवालात नापास म्हणून दिसत नाहीत, कारण प्रत्येक अहवाल एकाच टप्प्याचा असतो. आढावा बैठकीत विचारला जाणारा आकडा ‘किती खात्यांत जमा केले’ हा असतो. तांदूळ किती घरांत पोहोचला हे विचारायचे तर घरी जावे लागते.

आणि तक्रार कुणाकडे? जुन्या व्यवस्थेत दोषी समोर दिसायचा. दुकानदार कमी देतो हे गावाला माहीत असे, त्याच्याशी भांडता येई, मुखियाला सांगता येई, चारचौघांत लाज काढता येई. नव्या व्यवस्थेत प्रखंड कार्यालय म्हणे पैसे पाठवले, बँक म्हणे आमच्याकडे आले नाहीत, प्रज्ञा केंद्र म्हणे सर्व्हर डाऊन आहे, आणि दुकानदार म्हणे पैसे आणा, तांदूळ तयार आहे. तांत्रिकदृष्ट्या चौघेही खरे बोलत असण्याची शक्यता होती. चौघे खरे आणि घरात तांदूळ नाही, अशा स्थितीत भांडायला उभे कुठे राहायचे हे माणसाला कळेनासे होते. अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ८ प्रमाणे हक्काचे धान्य न मिळाल्यास राज्य सरकारने अन्न सुरक्षा भत्ता द्यायचा असतो. पण खात्यात पैसे जमा दिसत असतील तर हक्क नाकारला गेला हे सिद्ध कसे करणार?

जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचा हा प्रयत्न नाही. दुकानदाराची काटछाट हा खरा अन्याय होता आणि त्यावर उपाय हवाच होता. पण नव्या पद्धतीनंतरही वजन करणारा तोच आणि काटाही त्याचाच. २५ किलोचे पैसे घेऊन तेवीस किलो घालण्यापासून त्याला बँक खाते कसे रोखणार? उलट आता ते गेलेले दोन किलो ग्राहकाने बत्तीसच्या भावाने मोजलेले असत.

विरोध आणि माघार

२६ फेब्रुवारी २०१८ रोजी नगडीचे लोक मोठ्या संख्येने पायी रांचीवर चालून गेले. त्यात बायका जास्त होत्या. मागणी एका ओळीची होती: आम्हाला पैसे नकोत, तांदूळ द्या. राज्याचे अन्नमंत्री सरयू राय यांनीही या प्रयोगातल्या अडचणींबद्दल जाहीरपणे प्रश्न उपस्थित केले होते, हे इथे नोंदवायला हवे. एकाच सरकारात या विषयावर एकमत नव्हते. पुढे सरकारने सामाजिक अंकेक्षण, म्हणजे लाभार्थ्यांना विचारून केलेली तपासणी, करवले. त्यातही फार मोठ्या बहुमताने धान्याच्याच बाजूने कौल आला. ऑगस्टमध्ये प्रयोग थांबला.

माघार घेणे हे या प्रकरणातले सरकारचे सर्वात चांगले काम, असे मी मनापासून म्हणेन. प्रायोगिक योजना फसली तर ती बंद करायची असते, हे पुस्तकात लिहिलेले असते, प्रत्यक्षात फार कमी वेळा घडते. तरी त्याला इतके महिने का लागले? पहिल्या दोन हप्त्यांतच अडचण दिसत होती. पण जुनी वाट पहिल्याच दिवशी बंद केलेली होती. रुपयाचा तांदूळ हवा असणाऱ्याला तो घेण्याची मुभा काही महिने ठेवली असती, तर किती जण नव्या पद्धतीकडे जातात आणि किती परततात यावरूनच निकाल लागला असता. पाहणी करायला स्वयंसेवकांना गावोगाव फिरावे लागले नसते, मोर्चाही काढावा लागला नसता. पर्याय न ठेवता केलेल्या प्रयोगात माणसाला नकार कळवायला रस्त्यावर येण्यावाचून दुसरी जागा उरत नाही.

याच तंत्राचे दुसरे अनुभव

नगडीवरून डिजिटल साधने रेशनला लागू पडत नाहीत असा निष्कर्ष काढला तर तो चुकीचा ठरेल. दोन उदाहरणे शेजारी ठेवून बघता येतात.

अविभाजित आंध्र प्रदेशात २०१० ते २०१२ या काळात मनरेगाची मजुरी आणि पेन्शन बायोमेट्रिक स्मार्टकार्डाने देण्याचा कार्यक्रम झाला. अर्थतज्ज्ञ कार्तिक मुरलीधरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १५७ मंडलांत (मंडल म्हणजे तालुक्यासारखा विभाग) त्याचा अभ्यास केला. मजुरी लवकर मिळू लागली, वाट पाहण्याचा वेळ घटला, गळती कमी झाली, आणि बहुसंख्य लोकांनी नवी पद्धत पसंत केली. याच अभ्यासकांनी पुढे झारखंडमध्ये १३२ प्रखंडांत रेशनच्या आधार-ओळखीचा अभ्यास केला. तिथे पहिल्या टप्प्यात गळती मोजता येईल इतकी घटली नाही, लोकांचा फेऱ्यांचा खर्च वाढला, आणि ज्यांचे आधार जोडलेले नव्हते त्या कुटुंबांना मिळणारे धान्य सुमारे १० टक्क्यांनी घटले. तंत्र जवळपास तेच, अभ्यासक तेच, निकाल उलटे. फरकाचे एक मोठे कारण नियमात होते. आंध्रात कार्ड नसलेल्याला किंवा अंगठा न जुळलेल्याला जुन्या पद्धतीने पैसे देण्याची सोय ठेवलेली होती. तिथल्या यंत्रणेने आधी पैसे द्यायचे ठरवले होते, ओळखीची पूर्णता हळूहळू साधायची होती. झारखंडमध्ये ओळख ही पहिली पायरी झाली आणि ती न चढणारा बाहेर राहिला.

दुसरे उदाहरण छत्तीसगडचे. तिथे २००४ मध्ये रेशन दुकाने खाजगी दुकानदारांकडून काढून पंचायती, सहकारी संस्था, बचत गट यांच्याकडे दिली गेली. २००७ च्या सुमारास धान्याच्या खरेदीपासून दुकानापर्यंतच्या हालचालीचे संगणकीकरण झाले. गोदामातून ट्रक निघाला की नोंद, त्यात किती पोती याची नोंद, कोणत्या गावच्या दुकानात केव्हा पोहोचणार याचा संदेश त्या गावातल्या नोंदणी केलेल्या लोकांच्या मोबाइलवर. ट्रक पिवळ्या रंगाचे, म्हणजे वाट वाकडी केली तर दुरूनही ओळखू यावेत. गावातल्या बाईला यासाठी काहीही करावे लागले नाही. ती पूर्वीसारखीच कार्ड घेऊन दुकानात जात होती, फक्त आता दुकानात धान्य असायचे.

माझ्या मते नगडीचे सार या तुलनेत आहे. छत्तीसगडमधल्या संगणकाचे तोंड सरकारच्या स्वतःच्या गोदामाकडे आणि वाहतुकीकडे होते. पाळत यंत्रणेवर होती आणि पाहायला नागरिक होते. नगडीत पाळत नागरिकावर आली, आणि सिद्ध करत राहण्याचे कामही त्याच्यावर आले: मी मीच आहे, हे खाते माझेच आहे, पैसे मला आले नाहीत. गळती कुठे होते याचा अभ्यास केला असता तर गोदाम ते दुकान हा टप्पा आणि दुकानातला काटा या दोन जागा सापडल्या असत्या. बँक खाते त्या दोन्ही जागांपासून दूर होते.

रोख हस्तांतरण सगळीकडे वाईट असेही यातून निघत नाही. पेन्शन किंवा मजुरी मुळातच रोख असते. ती मधल्या माणसाच्या हातून न जाता खात्यात गेली तर बहुतेकदा भलेच होते. रेशन कार्डाच्या डिजिटल जोडणीचा एक खरा फायदा स्थलांतरितांना झाला आहे. जून २०२२ पर्यंत सर्व राज्ये ‘एक देश एक रेशन कार्ड’ व्यवस्थेत आली आणि झारखंडचा मजूर सुरतेत किंवा पुण्यात आपल्या वाट्याचे धान्य घेऊ शकतो. हे कागदी कार्डाने कधीच झाले नसते. तिथे तंत्रज्ञानाने माणसाला एक वाट अधिक दिली, गावाकडच्या दुकानाची वाट बंद केली नाही.

पुढे काय झाले

जानेवारी २०२३ पासून अन्न सुरक्षा कायद्याखालचे धान्य देशभर मोफत मिळते. त्यामुळे नगडीतला १ आणि ३२ रुपयांचा वाद आज त्या रूपात उरलेला नाही. रोख हस्तांतरणाच्या पहिल्या प्रदेशांपैकी एक असलेल्या पुदुच्चेरीत २०२४ मध्ये रेशन दुकाने पुन्हा उघडली. अंगठा मात्र कायम आहे, आणि अलीकडच्या काळात कार्डावरच्या प्रत्येक सदस्याचे ई-केवायसी करून घेण्याची मोहीम राज्याराज्यांत चालू आहे.

या मोहिमेत नगडीचा अनुभव वापरायचा असेल तर एक नियम ताबडतोब करता येण्यासारखा आहे. ज्याचे ई-केवायसी झाले नाही त्याचे धान्य संगणकाने आपोआप थांबवू नये. यादी ग्रामसभेत वाचली जावी, कर्मचाऱ्याने घरी जाऊन पाहावे, आणि माणूस तिथे राहत नाही किंवा हयात नाही असे लेखी नोंदल्यावरच नाव कमी व्हावे. तोवर धान्य चालू राहावे. याला खर्च येतो, वेळही लागतो. पण तो खर्च सरकारच्या खातेवहीत दिसेल, त्यावर चर्चा करता येईल, विधानसभेत प्रश्न विचारता येईल. नगडीत तो बारा तासांच्या रूपात ज्यांच्या वाट्याला गेला, त्यांना असा प्रश्न विचारायला ऊन डोक्यावर घेऊन रांचीपर्यंत चालत जावे लागले.